सूचीतले एक नाव

आमच्या समाजाच्या वधू-वर सूचीचे काम मी गेली सतरा वर्षे करीत आले आहे. शाळेतून निवृत्त होण्यापूर्वीच ते माझ्याकडे आले आणि निवृत्तीनंतर तर नित्यकर्मच झाले. डिसेंबरात मेळावा, त्याआधी तीन महिने अर्ज गोळा करणे, छायाचित्रे नीट लावून घेणे, जन्मतारीख आणि नक्षत्र यांचा मेळ बसतो की नाही ते पाहणे, मामांचे आडनाव लिहायचे राहिले असेल तर फोन करून विचारणे. उंची बहुतेक जण एक इंच वाढवून लिहितात, हे आता मुलगा न पाहताही कळते. या सूचीतून जुळलेली लग्ने मी मोजलेली नाहीत. पण मंदिरात एखादी सून आपल्या लेकराला पुढे करून ‘या आजींना नमस्कार कर’ म्हणते, तेव्हा बरे वाटते, हे नाकारणार नाही.

२०२२ च्या सूचीत मी एक नाव त्या मुलाला न विचारता घातले. तो माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. माहिती दादांनी पाठविली, छायाचित्र वहिनींनी. वय २५, उंची पाच फूट नऊ इंच, संगणकशास्त्रातील पदवी, वास्तव्य लेस्टर, इंग्लंड. त्या शेवटच्या शब्दामुळे अकरा घरांतून विचारणा झाली. मी त्या मोठ्या उत्साहाने पुढे पाठवीत होते आणि त्याच आठवड्यांत तो मुलगा आपल्या खोलीतून बाहेर येईनासा झाला होता.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्याला फोनवर वाचून दाखविला. त्याने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि माझे नाव घालू नकोस, एवढेच म्हणाला. म्हणून येथे तो केवळ माझा भाचा आहे.

दादा २००५ साली नोकरीनिमित्त लेस्टरला गेले, तेव्हा भाचा आठ वर्षांचा होता. लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातले शहर. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून भारतीय वंशाच्या लोकांना हाकलले, त्यांतील हजारो माणसे येथे येऊन स्थिरावली. बेलग्रेव्ह रोडवर साड्या, सोने आणि मिठाई यांच्या दुकानांची रांग आहे. तेथून चालताना आपण परदेशात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. २०२१ च्या जनगणनेनुसार या शहरात आशियाई वंशाचे लोक ४३ टक्के आहेत, गोऱ्यांहून थोडे अधिकच. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिर म्हणजे पूर्वीचे ख्रिस्ती प्रार्थनागृह. १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी अशा सर्वांची सोय तेथे एकाच छताखाली आहे. जे आपल्याला आपल्या गावी साधत नाही ते सातासमुद्रापार गेल्यावर साधते, असे दादा हसून म्हणतात.

पण तेथील जैन बहुतांशी गुजराती, पूर्व आफ्रिकेमार्गे आलेले. दादांचे घर मराठी. म्हणजे इंग्रजांत भारतीय, भारतीयांत जैन आणि जैनांत मराठी, असे एकात एक बसणारे डबे. प्रत्येक डबा आधीच्यापेक्षा लहान. भाच्याला शाळेत रंगावरून बोलणी बसली, डब्यातील आमटीच्या वासावरून नाके मुरडली गेली, कांदा-बटाटा का खात नाहीस याचे उत्तर तो वर्षानुवर्षे देत राहिला. त्या प्रत्येक दिवशी तो घरी येई आणि घर त्याच्या बाजूचे असे. दादा म्हणत, ‘आपण थोडे आहोत, म्हणून ताठ राहायचे.’ वहिनी गरम पोळी वाढीत. बाहेरचा अपमान कसा सोसावा हे ज्यांनी स्वतः सोसले आहे, तेच शिकवू शकतात, आणि ते शिक्षण त्या घरात उत्तम मिळाले.

चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याला आपल्याविषयी आणखी एक गोष्ट कळली. या खेपेला मात्र तो घरी येऊन काही सांगू शकला नाही.

जानेवारी २०२३ मधील एका पहाटे साडेतीनला वहिनींचा फोन आला. तिकडे रात्रीचे दहा. भाच्याचे कामावर जाणे सुटले होते, जेवण दाराबाहेर ठेवावे लागत होते. डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून गोळ्या सुरू केल्या होत्या. वहिनी रडत होत्या. त्या वेळी मी त्यांना जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिते: ‘वहिनी, सूचीतली दोन स्थळे फार चांगली आहेत. एकदा लग्न लावून द्या, संसार अंगावर पडला की सगळे ठीक होते.’ असे मी यापूर्वीही काही घरांना सांगितले आहे. त्या घरांचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

मे महिन्यात मी स्वतःच लेस्टरला गेले. तो तोवर कामावर जाऊ लागला होता. बारीक झाला होता, पण बोलत होता. पहिल्याच रविवारी एका स्नेह्यांकडे जेवणाचे आमंत्रण होते. पाने मांडायच्या आत चार जणींनी चार वेळा विचारले, ‘मुलगा केवढा? कुठे बघताय?’ चौघींच्याही स्वरात माया होती, हे मी शपथेवर सांगेन. मी स्वतः हाच प्रश्न किती जणांना विचारला असेल! भाचा प्रत्येक वेळी हसला, आणि चौथ्यांदा हसून झाल्यावर पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो बराच वेळ आला नाही. ते हसू मी शाळेत पाहिले होते. पाठ न झालेला मुलगा गुरुजींपुढे असे हसतो.

शहरात अ‍ॅबी पार्क नावाचा बाग आहे, सोअर नदीच्या काठावर. तेथे संध्याकाळी आम्ही फिरायला जात असू. एका संध्याकाळी तो म्हणाला, ‘आत्या, ती मुलींची माहिती पाठवणे थांबव.’ मी कारण विचारले. तो बराच वेळ चालत राहिला आणि मग एक इंग्रजी शब्द म्हणाला, गे. मला तो कळला की नाही असे त्याला वाटले असावे. तो मराठीत सांगू लागला आणि अडला. त्याची मराठी घरातली: जेवणाची, नात्यांची, णमोकार मंत्रानंतरच्या गोष्टींची, रागावण्याची. त्या मराठीत या गोष्टीला शब्दच नव्हता. सुट्टीत गावी आल्यावर मुलांच्या तोंडून ऐकलेली एक शिवी होती, ती तो स्वतःला लावून घेऊ शकत नव्हता. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे मला मुलीशी लग्न करता येणार नाही. मला मुलगेच आवडतात.’

तीस वर्षे मराठी शिकविलेली बाई मी. मलाही त्या क्षणी एखादा सरळ, घरात ठेवता येईल असा शब्द सुचला नाही. ‘समलिंगी’ हा कायद्याचा आणि वर्तमानपत्राचा शब्द. आजीने नातवाविषयी बोलताना वापरावा असा नव्हे. मी त्याला जवळ घेतले, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी ‘बरं’ म्हणाले, आणि आम्ही घरी आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. लाज कशाची वाटते ते नीट सांगता येत नव्हते. पण त्यात अकरा घरांना आता काय कळवायचे हाही विचार होता, हे कबूल करते.

पुढचे दोन आठवडे तो थोडे थोडे सांगत गेला. घरात राहावे तर रोज पहारा: फोन पालथा ठेवायचा, हसण्याबोलण्यावर लक्ष ठेवायचे, कुठल्या मित्राचे नाव किती वेळा निघाले ते मोजायचे. बाहेर त्याच्यासारख्या तरुणांच्या बैठका होत, तेथे तो दोनदा गेला. तेथे त्याला विचारले गेले, ‘तू मूळचा कुठला?’ ओळखी जुळविण्यासाठी फोनवर जी साधने असतात, त्यांत काही जणांनी स्वतःच्या माहितीतच लिहून ठेवलेले असे की आशियाई नकोत. ‘मंदिरात चपला बाहेर काढतो ना,’ तो म्हणाला, ‘तसं मी दोन्हीकडे अर्धा बाहेर काढून आत जातो.’ काही रात्री त्याला वाटले होते की सकाळी जाग आली नाही तर बरे. हे त्याने नदीकडे पाहत सांगितले. एकदा मध्यरात्री त्याने ११६ १२३ हा समॅरिटन्स या संस्थेचा क्रमांक लावला. पलीकडच्या माणसाने तासभर नुसते ऐकले. त्या तासाविषयी तो अजूनही कृतज्ञतेने बोलतो.

मला सर्वांत बोलकी वाटली ती मात्र निराळीच गोष्ट. एका समुपदेशकाने, अगदी सद्भावनेने, त्याला सुचविले की आईवडिलांपासून वेगळा राहा, मोकळा हो. गोऱ्या मुलाला हा सल्ला उपयोगी पडत असेल. पण घर सुटले तर माझ्या भाच्याचे केवळ आईवडील सुटत नाहीत. त्याची भाषा सुटते, कारण तो मराठी त्या एकाच घरात बोलतो. मंदिर सुटते, आजीचा रविवारचा फोन सुटतो, पोळी-भाजी सुटते. आणि रंगावरून कोणी बोलले तर ज्यांच्याकडे परत यायचे ती माणसे सुटतात. ‘तिला वाटलं मी घाबरट आहे,’ तो म्हणाला. पुढे त्याला दुसऱ्या समुपदेशक मिळाल्या. त्यांचे आईवडील पंजाबातून आलेले. लोक काय म्हणतील म्हणजे नेमके काय, हे त्यांना समजावून द्यावे लागले नाही, आणि पहिला अर्धा तास वाचला.

लोक काय म्हणतील, याची आपण थट्टा करतो. पण संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली जैनांची नोंद सुमारे २५ हजार. एवढ्या लहान समाजात ‘लोक’ म्हणजे कोणी अमूर्त जमाव नसतो; ती नावानिशी सांगता येणारी आठ-दहा घरे असतात. त्यांच्याच गाडीतून आपण इस्पितळात जातो आणि त्यांच्याच घरी सुतकात जेवतो. २०१४ मध्ये आपल्या समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्या दिवशी आमच्या सभागृहात पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांत मीही होते. थोडे असण्यात काय जोखीम असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्याच २०२१ च्या जनगणनेत ब्रिटिश सरकारने प्रथमच सोळा वर्षांवरील माणसांना त्यांच्या लैंगिक कलाविषयी विचारले; उत्तर ऐच्छिक होते. सुमारे ३.२ टक्के लोकांनी आपण समलिंगी, उभयलिंगी किंवा तत्सम असल्याचे नोंदविले. दोन्ही रकान्यांत खूण करणारे किती असतील? फार थोडे. आणि त्यांतील बहुतेकांनी दारे लावून खूण केली असेल.

परत आल्यावर मी वाचू लागले. मराठीत पहिले हाती आले ते बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’. मग इतर. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता हा आजार नाही असे ठरवून तिला रोगांच्या यादीतून काढले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळले. म्हणजे मी ‘लग्न केले की ठीक होते’ म्हणाले, तेव्हा जे ठीक करायचे होते तो आजारच नव्हता. आजार होता तो दहा वर्षांच्या पहाऱ्याचा. इलन मायर या अभ्यासकाने २००३ मध्ये यालाच अल्पसंख्याकांचा ताण म्हटले: सतत सावध राहणे, लपविणे, नकाराची आधीच वाट पाहणे. हे वाचताना मला अभ्यासकापेक्षा स्वयंपाकघरात पाणी आणायला गेलेला भाचाच दिसत होता.

आणखी एक अभ्यास २००९ चा, सॅन फ्रान्सिस्कोतील केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. २२४ तरुण-तरुणींना त्यांनी घरच्यांच्या वागणुकीविषयी विचारले. ज्यांना घरातून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, नकार क्वचितच किंवा मुळीच न मिळालेल्यांच्या ८.४ पट होते. त्यात गोरी आणि लॅटिनो मुले होती, आपल्यासारखे कोणी नव्हते; म्हणून तो आकडा आपल्या घरांना जसाच्या तसा लावू नये. पण त्यातील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. मधल्या प्रमाणात नकार सोसलेल्या मुलांची स्थितीही तीव्र नकार सोसलेल्यांपेक्षा पुष्कळ बरी होती. म्हणजे घराला सारे एकदम पटलेच पाहिजे असे नाही. बोचरे बोलणे थोडे कमी झाले, तरी त्या थोड्याला वजन असते.

वहिनींचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यांनी विचारले, ‘हे कोणत्या कर्माचे फळ?’ मी पंडित नाही. पण स्वाध्यायात जे ऐकले होते ते पुन्हा उघडून पाहिले. नऊ नोकषायांत तीन वेद येतात: स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद. शरीराची घडण हा द्रव्यवेद, अंतरीची अभिलाषा हा भाववेद. आणि हे दोन बहुधा सारखे असले तरी क्वचित विषमही असतात, हे गोम्मटसारात नेमिचंद्राचार्यांनी नोंदविले आहे. चामुंडरायांचे हे गुरू, म्हणजे हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. यातून समर्थन काढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही; शास्त्र तिन्ही वेदांना बंधच म्हणते. पण तिन्हींना म्हणते, माझ्या चाळीस वर्षांच्या सौभाग्यालाही. एवढे वहिनींना सांगितले. त्यांनी ऐकले आणि म्हणाल्या, ‘म्हणजे त्याचे एकट्याचे काही निराळे नाही?’ मला उत्तर देता आले नाही, पण प्रश्न योग्य दिशेला गेला होता.

आता काय आहे ते सांगते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत गेल्या. तो कामावर जातो. दादा त्याच्याशी हवामान, क्रिकेट आणि गाडीचा विमा यांविषयी बोलतात, पूर्वीपेक्षा जास्त बोलतात; मूळ विषयावर एक शब्द नाही. वहिनींनी गेल्या दिवाळीत त्याला एकदाच विचारले, ‘तुझा तो मित्र कांदा-लसूण खातो का?’ खात असे. ‘मग त्याच्यासाठी वेगळे पातेले लागेल,’ म्हणाल्या. तो मित्र अद्याप जेवायला आलेला नाही. पातेले मात्र आणून ठेवले आहे, असे भाचा सांगतो.

सूचीचे काम मी सोडलेले नाही. सोडावे का, असे वाटले होते. आता एवढेच करते की आईवडिलांनी अर्ज भरला तरी छापण्यापूर्वी त्या मुलाला किंवा मुलीला स्वतः फोन करते. ‘तुझे नाव घालू ना?’ असे विचारते आणि उत्तराची वाट पाहते. बहुतेक जण लगेच ‘हो आजी’ म्हणतात, काही लाजतात. या वर्षी दोन जण फार वेळ गप्प राहिले. गप्प राहण्याची कारणे शंभर असू शकतात. जातीबाहेरचे प्रेम असेल, शिक्षण असेल, मन नसेल. मी कारण विचारले नाही. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दोघांनाही सांगितला, तेथे मराठीतही बोलता येते असे म्हणाले, आणि माझा क्रमांक तर त्यांच्याजवळ आहेच. ती दोन नावे मी सूचीत घेतली नाहीत. घरच्यांना कळविले की अर्ज अपुरा आहे. हे पूर्ण सत्य नाही, हे मला कळते आणि टोचतेही.

परवा त्यांतील एका आईचा फोन आला. अर्जात काय राहिले आहे, असे त्या विचारत होत्या. मी म्हटले, ‘फोनवर नको. रविवारी चहाला या, एकट्याच या.’ येते म्हणाल्या आहेत.